हीटरच्या आधी गोधडी

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, घड वाचवायला विहिरीचं कोमट पाणी सोडतात. आमचं घर बागेला लागूनच, शहाबादी फरशीचं. सासूबाई 78 वर्षांच्या. दोन हिवाळे त्यांच्या खोलीत 2000 वॅटचा हीटर रात्री सहा तास चालवला. तासाला 2 युनिट, म्हणजे रात्रीला 12. एवढं करून आई सकाळी म्हणायच्या, "अगं, पाठ गारच राहिली."

मग लक्षात आलं, गरम हवा छताकडे जाते आणि थंडी खालून लागते. आईंचा पलंग लोखंडी पट्ट्यांचा, खाली मोकळा. गादीतला कापूस बसून गठ्ठे झालेले. म्हणून आधी गादी पिंजून घेतली. कापूस फुलला की त्यात हवा अडकते, आणि ऊब त्या हवेचीच असते. मग गादीवर, चादरीच्या खाली, जाड गोधडी अंथरली. लोक सगळी पांघरुणं वर घेतात, पण अंगाखालचा थर आधी बघा.

गोधडी घरीच शिवा. वरखाली सुती लुगडी, आत चार-पाच जुनी, मऊ झालेली. नायलॉन नको, ते आत सरकतं. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवायचे. ओल राहिली तर वास येतो. कडेपासून चौकोन धरत मध्यापर्यंत धावदोरा घालायचा. दोरा ओढून घट्ट करू नका. माझ्या पहिल्या गोधडीत मी तेच केलं, ती फळीसारखी झाली आणि ऊबच धरेना. सगळी उसवून पुन्हा शिवली. दोन टाक्यांमध्ये कापड किंचित फुगलेलं दिसलं पाहिजे.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीचा पडदा दिवसभर बाजूला ठेवा आणि चार वाजले की खिडकी, पडदा दोन्ही बंद करा. दाराखालच्या फटीला जुन्या पँटचा एक पाय चिंध्या भरून, दोन्ही तोंडं शिवून लावा. पलंगापाशी पाय टेकतात तिथे सतरंजी दुहेरी घाला. झोपताना कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

गरम पाण्याची पिशवी झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात पायाशी ठेवा. पाणी उकळतं नको, पिशवी दोन तृतीयांशच भरा, हवा दाबून काढा, वर टॉवेल गुंडाळा. आईंना मधुमेह आहे, पायाला चटका कळत नाही, म्हणून त्या आडव्या होताना मी पिशवी काढून घेते. तेवढ्यात अंथरूण तापलेलं असतं.

एक मात्र कळकळीने सांगते. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते अंगणात.

रात्री बाजरीची गरम भाकरी आणि हुलग्याचं माडगं. त्याने आईंना बरं वाटतं.

हीटर टाकून दिलेला नाही. सकाळी आंघोळ करून त्या खोलीत येतात तेव्हा वीस मिनिटं लावते, दार लावून. पातळ नेसून झालं की बंद.