महाग लॅपटॉप घ्यायचा का? आधी हा हिशोब करा
नुसती किंमत बघू नका, किती वर्षं वापरणार त्याने भागून बघा, १ लाखाचा ६ वर्षं चालला तर वर्षाला साधारण १७ हजार पडतात, ५० हजारांचा ३ वर्षांत बदलला तरी तेवढेच. डोंबिवलीहून रोज लोकलच्या गर्दीत पाठीवर न्यायचा असेल तर सव्वा किलो आणि दोन किलोत खरंच खूप फरक पडतो, तिथे जास्तीचे पैसे वसूल. घरीच टेबलावर राहणार असेल तर कशाला? आणि दुकानात हे नक्की विचारा, रॅम (काम करताना लागणारी मेमरी) बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे का, पातळ महाग मॉडेलमध्ये बऱ्याचदा असते, मग नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला नेऊनही वाढवून मिळत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या.