गृहकर्जाच्या दलालाला सिबिल काढू देण्यापूर्वी

इंदूरमध्ये सुदामा नगरातले जुने घर विकून बायपासकडे फ्लॅट घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला बँकेच्या आधी बहुधा दलालच भेटतो. "काका, पॅन व्हॉट्सॲपवर टाका, ओटीपी सांगा, पाच मिनिटांत सिबिल काढतो," हे त्याचे पहिले बोलणे असते. त्याला हो म्हणण्यापूर्वी तो नेमके काय करणार आहे, हे विचारून घ्यावे.

कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांसंबंधीच्या 2005 च्या कायद्यानुसार आपला पतअहवाल, म्हणजे बोलीभाषेतले 'सिबिल', बँका, गृहवित्त कंपन्या आणि नियमांत बसणाऱ्या ठरावीक वापरकर्त्यांनाच मिळू शकतो. केवळ व्हिजिटिंग कार्डावर 'लोन कन्सल्टंट' छापले म्हणून कोणी त्यांत मोडत नाही. त्यामुळे दलाल सहसा दोनपैकी एक मार्ग धरतो. पहिल्यात तो तुमचा ओटीपी वापरून तुमच्याच नावाने अहवाल काढतो. त्याने स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या इतिहासावरून ठरणारा पतीचा आकडा, घटत नाही, परंतु तुमची सगळी कर्जे, पत्ते आणि चुकलेले हप्ते त्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसतात. दुसऱ्यात तो तुमची फाइल बँकेत लावतो आणि बँकेने केलेली चौकशी अहवालात नोंदली जाते. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी फाइल लागली, तर अशा पाच नोंदी होऊन स्कोअर खाली येऊ शकतो.

यासाठी अहवाल आधी स्वतः काढावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. संकेतस्थळावर पैसे भरून घ्यायच्या योजना आधी डोळ्यांत भरतात. विनामूल्य अहवालाचा दुवा चिकाटीने शोधावा लागतो. दलालाला सुरुवातीला स्कोअरचा आकडा सांगितला तरी पुरे.

त्यानंतर त्याला एक संदेश पाठवावा, आणि दलाल मराठी नसेल तर हिंदीत पाठवावा: "माझी कागदपत्रे फक्त अमुक बँकेतील गृहकर्जाच्या अर्जासाठी वापरावीत; अन्य कोठेही फाइल लावण्यापूर्वी माझी लेखी परवानगी घ्यावी." अर्जावर बँकेचे नाव कोरे असेल, तर सही करू नये. हा आग्रह दलालाला रुचत नाही, पण त्याचे कमिशन बहुतेक वेळा बँकेकडून येत असल्याने तो ग्राहक सहसा सोडत नाही.

वित्तसंस्थेने अहवाल पाहिला की पतमाहिती कंपनीने एसएमएस किंवा ईमेलने तसे कळवावे लागते. मात्र त्यासाठी आपला चालू मोबाइल क्रमांक तिच्याकडे असला पाहिजे. अहवालातील चौकशांच्या भागात संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम दिसते. त्यात अनोळखी नोंद आढळल्यास संबंधित बँक आणि पतमाहिती कंपनी या दोघांकडेही तक्रार करावी व अर्जावरील संमतीची प्रत मागावी. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. मात्र आपल्याच सहीने झालेली चौकशी, कर्ज नाकारले गेले एवढ्या कारणावरून पुसली जात नाही. कर्ज नाकारल्याचे मुख्य कारण बँकेकडून लेखी मागता येते.

बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे एकट्या दलालाविरुद्ध दाद मागता येत नाही. परंतु तो बँकेने नेमलेला असेल, तर त्याच्या वागणुकीची जबाबदारी बँकेवर येते. दलालाने स्वतः 'फाइल चार्ज' घेतला असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग अधिक योग्य ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, म्हणून बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी प्रकरण इंदूरच्या आयोगापुढे चालू शकते. त्या तक्रारीसोबत व्हॉट्सॲपवरचा तो संदेश, पैसे दिल्याची पावती आणि चौकशीची नोंद असलेला अहवाल जोडावा.