शेजाऱ्यांना येशूबद्दल सांगताना या चुका टाळा

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी बायबलमधलं वचन टाकलं की येशूबद्दल साक्ष दिली, असं मला वर्षभर वाटत होतं. कोणी काही विचारलं नाही; उलट जिन्यात भेटणारे दोघे-तिघे बोलायचे कमी झाले. पाण्याच्या टँकरसाठी केलेल्या ग्रुपवर, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होतो मी. येशूचा शिष्य पेत्र याने उत्तर द्यायला सांगितलंय ते विचारपूस करणाऱ्याला, आणि तेही 'सौम्यतेने व भीडस्तपणाने'.

त्याहून मोठी चूक भाषेची. 'तारण' (पापातून सुटका), 'कोकऱ्याचं रक्त' (येशूचं बलिदान) हे शब्द उपासनेत आपल्याला घरचे वाटतात. शेजारच्या काकूंना मात्र 'तारण' म्हटलं की बँकेत गहाण ठेवलेलं सोनं आठवतं! त्यापेक्षा साधं सांगा: 'प्रभूने मला माफ केलं, म्हणून भावाच्या दारात जायचं धाडस झालं.' कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत भेटलेला परदेशी प्रवासी आधी त्यांच्याशी संस्कृत काव्याबद्दल बोलला, मग त्याने नवा करार हातात दिला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि पुढे त्यांनी ख्रिस्त गायला तो अभंगांतून, कीर्तनांतून.

दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आजारपणात डबा पोहोचवा, रक्त द्या. पण 'प्रार्थनेला या, बरे व्हाल' असं म्हणू नका. मदतीला अट जोडली की ती मदत राहत नाही. शेजाऱ्यांच्या मुलांनाही आईवडिलांना न विचारता संडे स्कूलला नेऊ नका. संविधानाचं कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देतं. मात्र दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. बायबलमध्ये येशूकडे आलेला श्रीमंत तरुण त्याचं म्हणणं ऐकून खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा प्रभूनेही त्याला अडवलं नाही.

आणखी एक चूक आपल्या लक्षातच येत नाही. नाताळात आपण घरोघरी करंज्या वाटतो, पण शेजाऱ्यांकडे स्वतःसाठी कधी काही मागत नाही. यहुदी ज्यांना परके मानत, त्या शोमरोनी समाजातल्या बाईशी बोलताना येशूने आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं होतं. मागच्या पावसाळ्यात आईला रात्री दवाखान्यात न्यायला मी समोरच्यांची गाडी मागितली. ते पहाटेपर्यंत बाकावर माझ्याशेजारी बसून होते. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही मघापासून डोळे मिटून बसलात, ते नक्की काय म्हणत होतात?"