कोंबडीचा रस्सा बेचव होतो? या चुका टाळा

कोंबडीचा रस्सा मनासारखा जमला नाही की दोष बहुधा मालवणी मसाल्यावर जातो आणि पुढच्या खेपेला तो एक चमचा जास्त पडतो. मसाला मात्र बहुतेक वेळा चांगलाच असतो. चूक झालेली असते ती आचेत, पाण्यात किंवा वाटपात, म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात.

कोंबडी कोणती आहे, हे आधी पाहावे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची असल्याने अर्ध्या तासात शिजते, तर गावठी कोंबडीला मंद आचेवर तास-सव्वा तास सहज लागतो. दोघींना एकच वेळ दिली तर एक कोरडी पडते आणि दुसरी चिवट राहते. ब्रॉयलरला स्वतःची चव कमी असते, म्हणून तिला मीठ, हळद आणि आले-लसूण-कोथिंबीर-मिरचीचे हिरवे वाटण लावून निदान तासभर, तेही फ्रिजमध्ये, मुरवणे आवश्यक आहे. लिंबू लावून रात्रभर ठेवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण आंबटपणाने मांसाचा पोत बिघडतो.

फोडणीत कांदा लालसर झाल्यावर कोंबडी घालावी; मात्र तुकडे पाण्याने निथळत असतील, तर ते परतले न जाता नुसते उकडतात आणि रश्श्याला खमंगपणा येत नाही. त्यानंतर घाईने तांब्याभर गार पाणी ओतणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. जुन्या घरांत टोपावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी घालतात. खाली उठलेली वाफ त्या थंड ताटाला लागून थेंबाथेंबाने परत कोंबडीवर पडते, कोंबडी स्वतःच्याच रसात शिजते आणि ताटातले पाणी तोवर कढत झालेले असल्याने लागेल तसे तेच आत घालता येते. प्रेशर कुकरने वेळ वाचतो, हे खरे. पण ब्रॉयलरसाठी तो वापरण्याचे काही कारण दिसत नाही.

खरी परीक्षा वाटपाची असते. कांदा आणि खोबरे एकाच वेळी कढईत टाकले की कांद्यातील पाण्यामुळे खोबरे भाजले न जाता वाफवले जाते आणि वाटप फिके, गोडसर लागते. कांदा थोड्या तेलात वेगळा परतावा आणि खोबरे मंद आचेवर, हात न थांबवता, बदामी ते तपकिरी रंगापर्यंत भाजावे. कढई गॅसवरून उतरवल्यानंतरही तिच्या उष्णतेने खोबरे भाजतच राहते, म्हणून रंग येताच ते ताटात काढणे उत्तम. काळे पडलेले खोबरे सरळ टाकून द्यावे. त्याचा कडवटपणा गुळाने झाकला जात नाही. भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच, थोडथोडे पाणी घालून, बोटांना रवाळ लागणार नाही इतके बारीक वाटावे. भरड वाटप रश्श्यात मिळून येत नाही, तळाशी बसते.

हे वाटप कोंबडी जवळजवळ शिजल्यावर घालावे. आधी घातल्यास दाट रस्सा बुडाला लागतो आणि मांस कच्चे राहते. उलट, वाटप घालून लगेच गॅस बंद केला तर खोबऱ्याचा कच्चट वास राहतो, म्हणून दहा मिनिटे तरी मंद उकळी येऊ द्यावी. कडेने तेलाचा तवंग दिसू लागला की रस्सा झाला असे समजावे.

मालवणी मसाल्यातील मिरच्या, धणे, बडीशेप आधीच भाजलेले असतात. तापलेल्या कोरड्या तेलात तो घातला की क्षणात करपतो, म्हणून कोंबडीला रस सुटल्यानंतर घालावा. रस्सा तिखट झालाच तर साखरेऐवजी नारळाचे दाट दूध शेवटी घालावे, पण त्यानंतर खळखळून उकळू नये, दूध फुटते.

कोकणच्या दमट हवेत खोबऱ्याचा रस्सा लवकर आंबतो. त्यामुळे जेवण उरकल्यावर उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर लागेल तेवढाच वेगळा काढून चांगली उकळी आणावी.