मृगाआधी रंगांचा तक्ता मांडा: खानापूर ते अथणी, दारापुढच्या बागेचे नियोजन

मृगाचा पहिला पाऊस झाला की सगळ्यांची पावले नर्सरीकडे वळतात. त्या दिवशी जे झाड फुललेले असते तेच हातात येते. मग जूनमध्ये परडे फुलांनी भरते आणि दसऱ्याच्या तोरणाला मात्र झेंडू बाजारातून आणावा लागतो. रोपे आणण्याआधी एक संध्याकाळ कागदावर खर्च केली तर ही वेळ येत नाही.

मुलांच्या वहीचे एक पान आडवे धरा. वर जून ते मे अशी 12 घरे आखा आणि डावीकडे झाडांची नावे लिहा. प्रत्येक झाड ज्या महिन्यांत फुलते ती घरे त्याच्याच रंगाच्या खडूने भरा. दारची जुनी जास्वंद, तगर, पारिजातक हेही त्यात धरा. पान भरले की वरून खाली बघा. जो उभा पट्टा कोरा राहिला, त्या महिन्याचे झाड आणायचे.

बेळगाव जिल्ह्यात हा कोरा पट्टा प्रत्येक गावात वेगळ्या जागी येतो. कणकुंबी, जांबोटीकडे तो जुलै-ऑगस्टात पडतो, कारण सततच्या पावसात झेंडूची फुले देठातच कुजतात. तिथे त्या दोन महिन्यांत झेंडूसारख्या फुलांमागे लागू नका. क्रोटन आणि कोलियसची रंगीत पाने, कर्दळ, तेरडा यांवर भर द्या आणि वाफे फूटभर उंच करा. अथणी, चिकोडीच्या पूर्व भागात हाच पट्टा मार्च ते मे असतो. तिथे बोगनवेल, सदाफुली आणि गॅलार्डिया कमी पाण्यावर तग धरतात. बांधावर जागा असेल तर बहावा लावा. त्याला फुलायला काही वर्षे लागतात, पण एप्रिल-मेचा पिवळा रंग कायमचा मिळतो. खानापूरकडे ओढ्याकाठी ओल असते, तिथे बहाव्याच्या जोडीला ताम्हण लावा. पिवळा आणि जांभळा एकाच वेळी फुलतात आणि एकमेकांना उठाव देतात.

आता मातीकडे बघा. झाड निवडताना हा विचार फारसा कुणी करत नाही, पण माझ्या मते बागेचा निम्मा देखणेपणा इथेच ठरतो. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जमीन तांबडी, बऱ्याच घरांवर कौलेही तांबडी. त्यापुढे विटकरी किंवा नारिंगी फूल लावले तर दहा पावलांवरून दिसत नाही. पांढरी शेवंती, निशिगंध, निळी गोकर्ण, लिंबासारखा पिवळा झेंडू तिथे लगेच नजरेत भरतो. काळ्या रानात उलटे घडते. नारिंगी, लाल, पिवळा खुलून दिसतो, पण गडद जांभळा मातीत बुडून जातो. जांभळा हवाच असेल तर त्याच्या पुढे पांढऱ्याची एक ओळ धरा. निपाणी-चिकोडीकडे घरामागे वर्षातला बराच काळ उसाची हिरवी भिंत असते. तिच्यापुढे नुसती पाने शोभत नाहीत, फूलच हवे.

एका वाफ्यात तीनपेक्षा जास्त रंग घालू नका, आणि त्यांतला एक पांढरा असू द्या. दुरून, रस्त्यावरून दिसायचे ते पिवळे आणि लाल. निळे-जांभळे उंबऱ्याजवळ लावा, कारण लांबून ते विरून जातात. संध्याकाळी जिथे बसता तिथे पांढरी, वासाची फुले लावा, म्हणजे दिवस मावळल्यावरही ती दिसतात.

सणाचा हिशेब उलटा मोजायचा असतो. झेंडूचे रोप वाफ्यात साधारण महिनाभर वाढते आणि पुनर्लागणीनंतर 50 ते 60 दिवसांत फुलू लागते. म्हणजे दसऱ्याआधी तीन महिने बी पडायला हवे. दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, कधी विशीच्या पुढे जातो, म्हणून पंचांग उघडूनच बियाण्याची तारीख ठरवा. लागणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की फांद्या वाढतात आणि फुले जास्त लागतात, मात्र पहिले फूल थोडे लांबते. तेवढे दिवस हिशेबात धरा. अ‍ॅस्टरचे बी जूनमध्ये टाकले तर सप्टेंबर-ऑक्टोबरात फुले येतात. बेंगळूरच्या बागायत संशोधन संस्थेच्या जातींतली पूर्णिमा पांढरी, कामिनी गडद गुलाबी आणि व्हायोलेट कुशन जांभळी आहे. तक्त्यात जो रंग हवा ती जात मागून घ्या.

शेवंतीचे तंत्र वेगळे आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळी धरते. रस्त्याच्या दिव्याखालच्या ओळी बघा: बाकीचा वाफा फुलून येतो तेव्हा खांबाजवळची झाडे नुसतीच हिरवी उभी असतात. शेवंतीची जागा ठरवताना रात्री एकदा बाहेर जाऊन उजेड कुठवर येतो ते पाहा.

डिसेंबर-जानेवारीसाठी वेगळी फुले लावण्याआधी शिवारातले रंग तक्त्यात भरा. हुक्केरी-संकेश्वरकडे पिकलेली लाल मिरची, काळ्या रानात करडईची पिवळी-केशरी बोंडे. खिडकीतून हे दिसत असेल तर दारात पांढरे आणि निळे पुरे. फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस ही थंडीची फुले हवी असतील तर बी ऑक्टोबरात टाका.

जातींबद्दल शंका असेल तर कृषी खात्याच्या जवळच्या रयत संपर्क केंद्रात किंवा गोकाकजवळच्या अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात विचारा.

शेवटी एक काळजी घ्या. कण्हेर वर्षभर फुलते, पाणी मागत नाही, म्हणून उन्हाळ्याचा कोरा पट्टा भरायला तिचेच नाव पहिले सुचते. पण लाल असो वा पिवळी, तिचा पाला जनावराच्या पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. गोठ्याजवळ आणि वैरणीच्या वाटेवर ती लावू नका. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नका, कारण वाळलेल्या पानांतही विष राहते. घाणेरीची रंगीबेरंगी फुले कुंपणाला बरी दिसतात, पण तीही जनावरांना विषारी आहे आणि बघता बघता रानभर पसरते. तिच्या जागी बोगनवेल लावा.