धंद्याचा कार्बन कमी करायचाय? आधी बिलं काढा, सोलरचं नंतर बघू

बेळगावात कुठल्याही कारखानदाराशी कार्बनचा, म्हणजे धंद्यातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा विषय काढा, दोन मिनिटांत बोलणं सोलरवर येतं. सोलर चांगलंच आहे की, पण ते सहावं काम आहे, पहिलं नव्हे. आधी जी वीज, जो कोळसा, जे डिझेल फुकट चाललंय ते थांबवायचं, कारण त्याला पैसे कमी लागतात आणि कार्बन जास्त वाचतो. उद्यमबाग-मच्छेतल्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप, शहापूर-वडगाव-खासबागचे माग, खानापूरकडच्या वीटभट्ट्या, चिकोडी-निपाणी भागातली गुऱ्हाळं, गावातली कुंद्याची दुकानं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे, पण कामाचा क्रम सगळ्यांना तोच लागू पडतो.

१. वर्षभराची बिलं काढा आणि एका वहीत मांडा

हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची १२ बिलं घ्या, त्यातले फक्त युनिट लिहा, रुपये नकोत. डिझेलच्या पावत्या, गॅस सिलिंडर, कोक (भट्टीचा कोळसा), लाकूड सगळं किलो-लिटरमध्ये लिहा. मग गुणाकार करायचा. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो, पेट्रोलच्या लिटरमागे २.३, गॅसच्या किलोमागे साधारण ३ म्हणजे १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरमागे ५७ किलो, आणि कोकच्या किलोमागेही ३ च्या आसपास. काहीजण म्हणतात कर्नाटकात जलविद्युत, पवनचक्क्या, सोलर भरपूर आहे, मग आपली वीज स्वच्छच की. पण २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचा ग्रिड (विजेचं जाळं) बाकी देशाला जोडला गेला, तेव्हापासून हिशोब अख्ख्या देशाच्या सरासरीनं होतो, म्हणून ०.७ च धरा.

शेवटी एकूण आकड्याला तुमच्या मालानं भागा, म्हणजे टन कास्टिंगमागे (ओतलेल्या मालामागे) किती, मीटर कापडामागे किती. हा आकडा महत्त्वाचा, कारण ऑर्डर कमी झाली म्हणून बिल उतरलं तर त्याला बचत म्हणता येत नाही.

२. कॉम्प्रेसरची हवा तपासा

मशीनशॉपमध्ये सगळ्यात जास्त चोरी इथं होते आणि कुणाला दिसत नाही, कारण हवा गळाली तर जमीन ओली होत नाही. ७ बारच्या लाइनला ३ मिलीमीटरचं एक भोक असेल तर कॉम्प्रेसरची जवळपास ३ किलोवॅट ताकद तिथंच जाते. रोज १० तास, वर्षाला ३०० दिवस धरा, ९,००० युनिट झाले, म्हणजे सहा टनांहून जास्त कार्बन. ५ किलोवॅटचं सोलर वर्षाला साधारण ७,००० युनिट देतं, आता तुम्हीच बघा आधी काय करायचं.

तपासायची रीत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी किंवा शिफ्ट संपल्यावर सगळी हत्यारं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा वापरणारं कुणी नाही, तरी तो थोड्या थोड्या वेळानं लोड घेणारच, म्हणजे हवा भरायला लागणारच, आणि मध्ये अनलोड म्हणजे नुसता फिरणार. किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते मोबाईलच्या घड्याळावर लिहा. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड आलं तर ८ पैकी २, म्हणजे २५ टक्के हवा गळतीतच चाललीय. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होजचे क्लिप, ड्रेन वॉल्व्ह, फिल्टरचा बाऊल बघत फिरायचं, बुडबुडा आला की खडूनं खूण करायची आणि त्याच आठवड्यात दुरुस्ती.

त्यानंतर प्रेशर बघा. ६ बारला चालणाऱ्या हत्यारांसाठी ८ बार ठेवलेलं बऱ्याच ठिकाणी असतं, ते १ बारनं उतरवलं तरी कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्के कमी होते. आणि अंगावरची धूळ झाडायला एअरगन वापरणं बंद करा, ते धोक्याचंही आहे.

३. भट्टीकडे वळा

फाउंड्रीत खरा कार्बन मेल्टिंगमध्ये आहे. बेळगाव हे देशातल्या नावाजलेल्या फाउंड्री क्लस्टरपैकी (एका जागी असलेल्या कारखान्यांच्या समूहांपैकी) एक, ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई आणि संयुक्त राष्ट्रांच्या युनिडोनं एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांसाठी जो ऊर्जा बचतीचा प्रकल्प चालवला त्यात बेळगावचं क्लस्टर होतं, त्यामुळे आपल्याकडं हे ज्ञान नवं नाही, रोजच्या शिफ्टमध्ये ते उतरलं पाहिजे एवढंच.

इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी) असेल तर झाकण लावून मेल्टिंग करा, उघड्या तोंडातून उष्णता सतत बाहेर पडत असते. वाळू आणि गंज लागलेलं भंगार तसंच टाकू नका, ती वाळू वितळवायलाही वीज लागते आणि वर स्लॅग (मळी) वाढतो. मोल्ड (साचे) तयार नाहीत म्हणून धातू धरून ठेवायची वेळ येते ना, तिथं फार वीज जाते, म्हणून मोल्डिंगवाला आणि मेल्टिंगवाला यांचं वेळापत्रक सकाळीच एकत्र बसून ठरवा. लॅडल (धातू ओतायचं भांडं) आधी नीट तापवून घ्या, नाहीतर थंड लॅडलसाठी धातू विनाकारण जास्त तापवावा लागतो.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूतून किती चांगला माल निघतो ते. समजा एक टन धातू वितळवायला ६५० युनिट लागतात. त्यातलं ५५ टक्केच चांगलं कास्टिंग म्हणून बाहेर गेलं आणि बाकी रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांत उरलेला धातू), रिजेक्शनमध्ये परत आलं, तर चांगल्या मालाच्या टनामागे जवळपास १,१८० युनिट पडले. तेच यील्ड ६५ टक्क्यांवर आणलं तर १,००० युनिट. नवीन मशीन नाही, फक्त गेटिंगची (साच्यात धातू जायच्या वाटांची) डिझाइन सुधारायची आणि वाळूची टेस्ट रोज करायची, तरी टनामागे सव्वाशे किलो कार्बन कमी. क्युपोला (कोकवरची भट्टी) असेल तर डिव्हायडेड ब्लास्टबद्दल, म्हणजे भट्टीत हवा दोन पातळ्यांवर सोडण्याबद्दल माहिती घ्या, कोक बराच वाचतो.

गुऱ्हाळवाल्यांनी चिपाड पूर्ण वाळवूनच चुलवाणात घालावं, ओल्या चिपाडाची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते. चिपाडाचा धूर आणि कोळशाचा धूर हिशोबात एक नाही, कारण ऊस वाढताना त्यानं हवेतलाच कार्बन घेतलेला असतो. जुने टायर आणि प्लॅस्टिक मात्र अजिबात जाळू नका, त्याचा कार्बनही मोजला जातो आणि त्याचा धूर विषारी असतो, काहिलीवर काम करणाऱ्या माणसाच्या छातीत जातो. वीटभट्टीत कच्च्या विटा पूर्ण वाळल्यावरच भरायच्या, ते साधं काम आधी करा.

४. मोटर, पंखे, लाइट

दोन-तीनदा रिवाइंड केलेली मोटर परत जळली तर आता तिथं आयई-३ ची (कमी वीज खाणाऱ्या दर्जाची) नवी घ्या, चांगली चालणारी काढून टाकायची गरज नाही. ब्लोअर आणि पाण्याचे पंप व्हॉल्व्ह दाबून चालवत असाल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा, वेग २० टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी होते. मागाच्या शेडमध्ये जुन्या ७५ वॅटच्या पंख्याजागी ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा, आणि छताला चार-पाच पारदर्शक पत्रे. कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सुधारा, बिल उतरतं, पण त्यानं कार्बन फार कमी झाला असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एसीचा गॅसही विसरू नका. जुन्या आर-२२ चा एक किलो गळाला तर तो १.८ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो, म्हणजे साडेसहाशे लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं. दरवर्षी गॅस भरून देणारा मेकॅनिक नको, गळती शोधून देणारा धरा.

५. गाड्या

बेळगाव-पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, ४ चं ॲव्हरेज देणारा ट्रक एका फेरीत सव्वादोनशे किलोहून जास्त कार्बन सोडतो, आणि रिकामा परत आला तर त्याचाही हिशोब आपल्याच मालावर पडतो. शेजारच्या शेडवाल्याशी बोलून माल एकत्र पाठवा, परतीचं भाडं आधी ठरवा. गोव्याला भाजी-दूध पाठवणाऱ्यांनाही हेच. गावातल्या गावात जॉबवर्कचा माल फिरवायला इलेक्ट्रिक तीनचाकी आता परवडते.

६. आता सोलर

वरचं झालं की लोड कमी झालेला असतो, म्हणून सोलरही लहान पुरतं. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या पावसात उत्पादन खूप पडतं, त्यामुळे विकणाऱ्यानं मे महिन्याचा आकडा १२ नं गुणून दाखवला तर उठून या, वर्षाचा महिनावार अंदाज लेखी मागा. फाउंड्रीजवळ वाळूची धूळ बसते, पॅनेल धुवायला पाणी आणि शिडीची सोय आधीच करून ठेवा.

७. नोंद ठेवा, दोन्ही भाषांत

शेडमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे कामगार असतात, म्हणून हीटमागचे (भट्टीच्या एका घाण्यामागचे) युनिट, कॉम्प्रेसरचं प्रेशर, बंद करायच्या स्विचची यादी दोन्ही भाषांत लिहून मशीनजवळच लावा, ऑपरेटरला पटलं की तो मालकापेक्षा जास्त लक्ष ठेवतो. बचत झाली तर त्यातला वाटा त्याला द्या.

ही वही ग्राहकालाही लागणार आहे. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, सीबीएएम, १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्यापुरता होता, १ जानेवारी २०२६ पासून खरा सुरू झाला. लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमचे बरेच प्रकार त्यात आहेत, तुमचा माल बसतो का ते एक्स्पोर्टच्या कोडवरून सीएला विचारा. थेट एक्स्पोर्ट नसला तरी मोठ्या कंपन्या सप्लायरकडून आकडे मागायला लागल्यात. फॉर्म आला की स्वतः जाळलेलं इंधन वेगळं, विकत घेतलेली वीज वेगळी, वाहतूक आणि कच्चा माल वेगळा असं लिहा आणि सोबत बिलांच्या कॉपी जोडा. झाडं लावली असतील तर ती वेगळ्या कागदावर दाखवा, या आकड्यातून वजा करू नका.