मॅकियाव्हेली वाचताना शेजारी वर्षांची वही ठेवा

मी राज्यशास्त्र शिकवते. टी.वाय.च्या वर्गाला पाश्चात्त्य राजकीय विचारवंत शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. दर वर्षी पेपर तपासताना एक उत्तर हमखास सापडतं: ‘मॅकियाव्हेलीच्या मते माणूस कृतघ्न, लोभी व भित्रा असतो. राजाने सिंह व कोल्हा दोन्ही व्हावे.’ खाली रेघ, पुढचा मुद्दा. मुद्दे बरोबर असतात, मी गुणही देते. पण हे कुणी, कुठे बसून, काय गमावल्यावर लिहिलं, याचा त्या उत्तरात पत्ता नसतो. मग परीक्षा संपली की आठवड्याभरात मुद्देही डोक्यातून जातात. त्यावर उपाय म्हणून वर्गात जी पद्धत वापरते ती इथे सांगते. अभ्यासासाठी वाचत असाल किंवा आवड म्हणून, दोन्हींना ती चालते.

एक फुलस्केप वही घ्या. पान उभं दुमडून दोन भाग करा. डावीकडे विचारवंताच्या आयुष्यात आणि शहरात काय घडलं ते सालवार. उजवीकडे पुस्तकातली वाक्यं, ज्या सालाशी जुळतील त्याच्या समोर. पुस्तकाला हात लावण्याआधी डावी बाजू भरायची. समासात आपल्या ओळखीची एक-दोन सालंही टाकायची. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, त्यानंतर तीन वर्षांनी मॅकियाव्हेलीचं ‘द प्रिन्स’ लिहिलं गेलं. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म, १६३२ साली इंग्लिश विचारवंत जॉन लॉकचा. नुसती युरोपातली सनावळी आपल्या मुलांच्या मनात टिकत नाही, तिला खुंटी लागते.

आता मॅकियाव्हेलीची डावी बाजू. १४९४: फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स फौज घेऊन इटलीत उतरतो, मॅकियाव्हेलीच्या फ्लॉरेन्स शहरातून सत्ताधारी मेदिची घराण्याची हकालपट्टी होते. १४९८: एकोणतीस वर्षांचा मॅकियाव्हेली फ्लॉरेन्स गणराज्याच्या कचेरीत सचिव होतो. पुढची चौदा वर्षं त्याचं आयुष्य म्हणजे खलिते, हिशेब आणि घोड्यावरचे प्रवास. १४९९: पिसाच्या वेढ्यात तटाला खिंडार पडलेलं असताना फ्लॉरेन्सचा भाडोत्री सेनापती पाओलो व्हितेल्ली आत घुसत नाही. फितुरीच्या संशयावरून त्याचं डोकं उडवलं जातं. १५०२: पोपचा मुलगा आणि मध्य इटलीत राज्य उभारणारा सेनानी चेझारे बोर्जा, त्याच्याकडे वकिलात. १५०६: भाडोत्री शिपाई नकोत, आपल्याच मुलखातली माणसं शिपाई करा, ही मॅकियाव्हेलीची योजना मान्य होते. ऑगस्ट १५१२: स्पॅनिश फौज फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो शहरावर चालून येते. गणराज्य कोसळतं, मेदिची परततात. नोव्हेंबरमध्ये नोकरी जाते. फेब्रुवारी १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून तुरुंग. तिथे हात पाठीमागे बांधून दोराने वर खेचायचं आणि एकदम खाली सोडायचं, असा छळ. मार्चमध्ये मेदिची घराण्यातलाच एकजण पोप होतो, त्या आनंदात कैदी सुटतात, त्यांत हाही.

डावी बाजू इथपर्यंत आली की थांबा आणि एक पत्र वाचा. १० डिसेंबर १५१३ रोजी त्याने रोममधल्या आपल्या मित्राला, फ्रांचेस्को वेत्तोरीला, लिहिलेलं. मी ते वर्गात मोठ्याने वाचते. शहराबाहेरच्या शेतघरात तो राहतोय. सकाळी पाखरं धरायला फासे लावतो, लाकूडतोड्यांवर देखरेख करतो. दुपारी रस्त्यावरच्या खानावळीत खाटीक, पिठाच्या गिरणीवाला आणि भट्टीवाल्यांबरोबर खेळात रमतो. एका पैशावरून अशी भांडणं होतात की आरडाओरडा शेजारच्या गावात ऐकू जावा. संध्याकाळी मात्र तो घरी येतो, उंबऱ्यातच चिखलाने माखलेले कपडे उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि जुन्या रोमन-ग्रीक ग्रंथकारांच्या ‘दरबारात’ शिरतो. त्यांना प्रश्न विचारतो, ते उत्तरं देतात. चार तास त्याला गरिबीची आठवण होत नाही, मरणाचं भय वाटत नाही. त्या चार तासांतून एक छोटं पुस्तक तयार झालंय, असं तो कळवतो. आणि त्याच पत्रात म्हणतो, हे मेदिची मला कामाला लावतील तर बरं, सुरुवातीला धोंडा लोटायला सांगितला तरी चालेल.

त्यानंतर ‘द प्रिन्स’ उघडा, आणि आधी अर्पणपत्रिका वाचा. पुस्तक लोरेन्झो मेदिचीला अर्पण केलंय. ज्या घराण्याच्या राजवटीत दोराला टांगलं गेलं, त्याच घराण्याला तो आपलं ज्ञान भेट म्हणून देतोय. माझं ठाम मत आहे की अर्पणपत्रिका न वाचता या पुस्तकावर बोलूच नये. कोण कोणाला सांगतंय हे एकदा कळलं की ‘राजाने असे करावे’ या वाक्यांतला नोकरी गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

उजवी बाजू आता भराभर भरते. भाडोत्री फौजेवरचं बारावं प्रकरण १४९९ च्या समोर. बोर्जाचं सातवं प्रकरण १५०२ च्या समोर. इटलीला परकीयांच्या तावडीतून सोडवा, अशी हाक देणारं शेवटचं, सव्विसावं प्रकरण थेट १४९४ च्या समोर.

पुढची पायरी मात्र बरेचजण गाळतात. जिथे डावी-उजवी जुळत नाही तिथे लाल पेन्सिलीने खूण करा. प्रातोला काय झालं होतं? मॅकियाव्हेलीने उभी केलेली आपल्या माणसांची फौज स्पॅनिश शिपायांपुढे टिकली नाही. शहर लुटलं गेलं, कत्तल झाली. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातच तो लिहितो की स्वतःची फौज असल्याशिवाय कुठलंही राज्य सुरक्षित नाही. घडलं एक, लिहिलं दुसरं! विचार म्हणजे फक्त काळाचा आरसा, एवढाच हिशेब धरला तर हे वाक्य इथे असायलाच नको होतं. ते आहे, कारण त्याची श्रद्धा रोमच्या प्रजासत्ताकावर होती, आणि ती समजायला त्याचंच ‘डिस्कोर्सेस’ हे दुसरं पुस्तक वाचावं लागतं. माणूस काळाशी कुठे भांडला ते या लाल खुणा दाखवतात. माझ्या वहीत त्या सगळ्यांत मोलाच्या आहेत.

इंग्लिश विचारवंत थॉमस हॉब्जसाठी हीच वही, फक्त प्रश्न वेगळा: हा कशाला घाबरत होता? १५८८ साली स्पॅनिश आरमार येतंय या भीतीच्या दिवसांत तो जन्मला. आपण आणि भीती जुळी भावंडं, असं त्याने स्वतः म्हणून ठेवलंय. १६४० साली तो पॅरिसला पळाला, तिथे अकरा वर्षं राहिला. इकडे इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलं, जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. १६५१ मध्ये त्याचं ‘लेव्हायथन’ आलं: माणसं एकमेकांना घाबरून असतात, म्हणून शांततेसाठी सगळी सत्ता एका सार्वभौमाच्या हाती द्या, असं सांगणारं. आधी त्याचं मुखपृष्ठ बघा, जमल्यास भिंग घेऊन. डोंगरापलीकडून उठलेल्या राजाचं अंग शेकडो छोट्या माणसांचं बनलंय, सगळी त्याच्याकडे तोंड करून उभी. मग सरळ शेवटच्या पानावर जा. सध्याच्या गोंधळामुळेच हा ग्रंथ लिहावा लागला, अशी कबुली तो स्वतः देतो.

पण एकाच काळातून एकच विचार निघतो असं समजू नका. त्याच यादवीच्या काळात, ऑक्टोबर १६४७ मध्ये, लंडनजवळ पटनीच्या चर्चमध्ये संसदेच्या बाजूचे सैनिक मताचा हक्क कुणाला, यावर वाद घालत बसले होते. कर्नल रेन्सबरो तिथे म्हणाला की इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत थोर माणसासारखंच आयुष्य जगायचं असतं, म्हणून राज्याला आधी त्याची संमती हवी. यादवी तीच, निष्कर्ष हॉब्जच्या उलटा. प्रत्येक विचारवंताशेजारी असा एक समकालीन माणूस लिहायचाच, हा माझ्या वर्गातला नियम आहे.

लॉकबद्दल थोडक्यात: छापल्याचं साल आणि लिहिल्याचं साल वेगळं धरा. त्याच्या ‘टू ट्रीटिझेस’ या पुस्तकावर १६९० छापलंय, म्हणून ते इंग्लंडच्या राजाला हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीचं समर्थन मानलं जायचं. पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने दाखवलं की त्याचा बराचसा मजकूर १६८० च्या आसपासचा, क्रांतीच्या आधीचा आहे. १६८३ मध्ये राजाचा विरोधक अल्जर्नन सिडनी याचा शिरच्छेद झाला तेव्हा त्याच्या घरात सापडलेलं हस्तलिखित त्याच्याविरुद्ध पुरावा ठरलं होतं. लॉक त्याच वर्षी हॉलंडला निघून गेला आणि पुढे पुस्तक छापलं तेही नाव न घालता. बंडाचा हक्क सांगणारं पान घरात ठेवणं किती धोक्याचं होतं, ते लिहिल्याच्या आणि छापल्याच्या या दोन सालांतून कळतं.

पानाच्या तळाशी चार ओळी मोकळ्या सोडा, आपल्या अनुभवासाठी. हॉब्ज म्हणतो, कायदा आणि शिपाई असूनही तुम्ही रात्री दाराला कडी घालता, घरातल्या पेटीलाही कुलूप लावता. मग माणसांबद्दल तुमचं मत माझ्याहून वेगळं कसं? यावर एका विद्यार्थिनीने हात वर केला. ‘मॅडम, आमच्या आजीच्या घराला कुलूप नसतं.’ मी म्हटलं, हे तळाशी लिही आणि आजीला विचार, कधीच नव्हतं का? सोमवारी ती वही घेऊन आली. आजीने सांगितलं होतं, एकदाच होतं, ज्वारीच्या कोठीला, दुष्काळात. हॉब्जच्या वाक्याखाली तिने साल घातलं होतं: १९७२.